कवळीसाठी आजोबा हवेत

एमबीबीएसचा कटऑफ थोडक्यात हुकला की आत्या-मावश्या सांगतात, "अगं, डेंटिस्टला रात्री कोणी उठवत नाही." एवढ्या भांडवलावर बीडीएसला प्रवेश होतो. चार वर्षं अभ्यास, वर्षभर इंटर्नशिप. पहिल्या वर्षी वाट्याला येणारे दात मेणाचे, तेही स्वतःच कोरायचे. रात्र जागून कोरलेली दाढ सर एका नजरेत नापास करतात. मग उपटलेले खरे दात जमवायला दवाखान्यांतून बरणी घेऊन फिरायचं. पुढे 'फँटम हेड' नावाचं सरावाचं नकली डोकं भेटतं. ते ओरडत नाही, बोट चावत नाही, "दुखणार का हो?" असं विचारत नाही. असा पेशंट पुन्हा जन्मात मिळत नाही.

खरी कसोटी कोट्याची. इतके दात काढा, इतके भरा, इतक्या पूर्ण कवळ्या बसवा. पेशंट बहुधा आपणच शोधायचे. त्यामुळे लग्नात पाया पडतानाही लक्ष आजोबांच्या तोंडाकडे. एकही दात नसलेले आजोबा सापडले, की रिक्षाभाडं आणि चहा-बिस्किटं आपल्याकडे लागली. तरी ऐन परीक्षेच्या दिवशी ते दुसऱ्याच मुलीच्या खुर्चीत बसलेले दिसतात. तिनं वडापाव कबूल केलेला असतो.