अण्णा नाईकांचे बुद्धिवादी प्रेक्षक

चंद्रपूर-गडचिरोलीचा माणूस झाडीपट्टीची नाटके, म्हणजे दिवाळीनंतर मंडई-शंकरपटाच्या निमित्ताने गावोगावी पहाटेपर्यंत रंगणारे प्रयोग, पाहतच मोठा होतो, तेव्हा २०१६ मध्ये झी मराठीवर आलेल्या ‘रात्रीस खेळ चाले’ या भयमालिकेचे जागरण त्याला जड गेले नसावे, प्रश्न आहे तो २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा तोंडपाठ असलेल्या, भुताला हसणाऱ्या प्रौढांचा. तेही या मालिकेला शरण गेले, पण त्यांच्या शरणागतीचे कारण भूत नव्हेच. कोकणातल्या नाईकांच्या वाड्यात कुटुंबप्रमुख अण्णा मरतात, पाठोपाठ वाटणीचा विषय निघतो, आणि खिडकीआडून कोण डोकावले यापेक्षा कोणाच्या वाट्याला किती येणार, हे कोडे सातबारा हाताळलेल्या कोणत्याही बुद्धिवाद्याला अधिक झपाटते. शिवाय मालिका संदिग्धता राखते, म्हणजे घडले ती करणी की भाऊबंदांचा कावा याचा निकाल लांबवते, आणि तेवढ्या फटीतून विवेकवादी प्रेक्षक सन्मानाने आत शिरतो. २०१९ च्या दुसऱ्या पर्वाने, जे पूर्वकथा म्हणजे अण्णांच्या हयातीतली हकीकत सांगते, भुतापेक्षा जिवंत अण्णाच भारी असल्याचे दाखवून या प्रेक्षकाची उरलीसुरली लाजही घालवली. ताडोबालगतच्या गावातील संशयवाद्याला एक जादा सवलत आहे: भाग संपल्यावर अंगणात जाताना हातात घेतलेली बॅटरी वाघासाठी आहे, असे त्याला घरच्यांना सांगता येते, मुंबईकराला तेवढीही सोय नाही.