साखरपुडा झाला, नवरदेव पळाला

हिंजवडीत ऑफर लेटरवरची सही म्हणजे साखरपुडा. पेढे वाटायचे, पण स्थळं बघणं थांबवायचं नाही. नोटीस पीरियड 90 दिवसांचा. एवढ्यात मेथीची तीन पिकं निघतात, मग दुसरी ऑफर का निघू नये? पहिलं पत्र दाखवून दुसरं, दुसरं दाखवून तिसरं. रुजू व्हायच्या दिवशी सकाळी एचआरचा फोन वाजत राहतो आणि उमेदवाराची आजी अचानक अत्यवस्थ होते. काही आज्या तर वर्षातून तीनदा.

मग कंपनीला नीतिमत्ता आठवते. पण 1963चा विशिष्ट अनुतोष अधिनियम सांगतो, नोकरीचा करार कोर्ट कुणाला बळजबरीने पाळायला लावणार नाही. फार तर 1872च्या करार कायद्याखाली वाजवी भरपाई मागा. तेवढ्यासाठी वकील कोण लावणार? म्हणून नाव काळ्या यादीत टाकायचं आणि गप्प बसायचं.

गंमत अशी की कॅम्पसमधून निवडलेल्या पोरांना काही आयटी कंपन्यांनी वर्षभराहून अधिक काळ ताटकळत ठेवलं, तेव्हा त्याचं नाव ‘व्यवसायाची गरज’ होतं. पोरांनी तोच धडा गिरवला, तर म्हणे दगाबाजी! ट्रेनिंग तर तुम्हीच दिलंत, तेही रुजू होण्याआधी.