अबोल्यातला भाऊ

अबोल्यातला भाऊ नंदुरबार जिल्ह्यात बारमाही आढळतो, पण नीट न्याहाळायचा तर श्रावणात, कानबाईच्या रोटांना. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी कानबाई बसते. रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ धान्य घ्यायचे आणि तो प्रसाद भाऊबंदांतच संपवायचा, अशी रीत. आपल्या नावाची मूठ पडली की यावेच लागते. देवीने येण्याची सक्ती केली आहे, बोलण्याची केलेली नाही. हा इसम नेमका तेवढ्या फटीत वाढतो.

बहुधा तो धाकटा असतो आणि कामधंद्याला सुरतेला असतो. थोरला गावी, शेतावर. रेल्वेने येताना वाटेत नवापूर लागते. हे स्थानक अर्धे गुजरातेत, अर्धे महाराष्ट्रात. तिथे एका बाकावर दोन राज्ये बसतात आणि गाडीची घोषणा चार भाषांत होते. घरी पोचल्यावर याला त्यातली एकही चालत नाही.

अबोल्याचे कारण विचारू नये. विचारल्यास थोरला बांध कोरल्याचे सांगतो, धाकटा लग्नपत्रिकेत आपले नाव खाली छापल्याचे. दोन्ही घटनांची सालेसुद्धा जुळत नाहीत. काही जुने नमुने ‘जिल्हा धुळे होता तेव्हापासून’, म्हणजे १ जुलै १९९८ च्याही आधीपासून, बोलत नाहीत. भाऊबंदांत त्यांना वेगळाच मान असतो.

अबोला म्हणजे गप्प बसणे, असे परक्यांना वाटते. प्रत्यक्षात हा माणूस एरवीपेक्षा जास्त आणि मोठ्याने बोलतो. लेकी बोले सुने लागे, या न्यायाने त्याचा सगळा कारभार चालतो. पंगतीत तो भावापासून हातभर अंतरावरच बसतो, फक्त तोंड दुसरीकडे करून. पुरणपोळी, खीर, सार सगळे पानात आलेले असते. गंगाफळाच्या भाजीचे पातेले मात्र नेमके थोरल्यापुढे. मग मधे बसलेल्या पुतण्याला हुकूम सुटतो, “त्याले सांग, भाजी इकडे दे.” थोरल्याने शब्द न् शब्द ऐकलेला असतो, पण रीतसर निरोप आल्याशिवाय तो हलत नाही. पोरगा मान वळवून निरोप देतो. उत्तर येते, “त्याले सांग, तुना हात पुरस.” अशा दोन फेऱ्या झाल्या की पोरगा निरोपात आपली भर घालतो, “काका म्हनस, माले दहा रुपया दे.” दहा रुपये दोन्हीकडून तत्काळ निघतात, कारण आधी देणारा मोठा ठरतो. भाजी तिथेच असते.

जावांचा अबोला हा यातला शुद्ध बनाव. रोट करताना दोघी वर्षभराचे सगळे बोलून घेतात आणि पुरुष दारात आला की भांडी आपटू लागतात. बातम्या जातात त्या याच वाटेने. थोरल्याला धाकट्याच्या रक्तातल्या साखरेचा ताजा आकडा ठाऊक असतो, आणि खिरीची कमी गोड वाटी बिनचूक त्याच्याच पानाशी येते. कोणी सांगितले, हे कोणी विचारत नाही.

रात्री बाया कानबाईची गाणी म्हणतात, तेव्हा दोघे ओट्यावर पाठीला पाठ लावून मोबाइल पाहतात. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात दोघेही आहेत. धाकटा रक्ताच्या नात्यावर सुविचार टाकतो; थोरला त्याला हात न जोडता लगेच दुसरा सुविचार टाकतो, बहुतेक वेळा गर्वावर. बाकीचे भाऊबंद दोन्हींना अंगठा दाखवून मोकळे होतात.

सोमवारी कानबाई नदीवर निघते आणि परतीची तयारी सुरू होते. निरोप घेण्याची पद्धत ठरलेली आहे. धाकटा गोठ्यातल्या बैलाला गाडीची वेळ ऐकवतो, थोरला त्याच बैलाला सांगतो की गाडी रोज उशिरा येते. पिशवीत मग शेंगा आणि लाल मिरची भरलेली सापडते; ती कोणी भरली, याबद्दल बैलही काही बोलत नाही.

दोघांनी समोरासमोर बोलावे असा एकच प्रसंग उरतो, तो सामाईक सातबाऱ्यावरच्या जमिनीच्या विक्रीचा. त्यासाठी दुय्यम निबंधकापुढे दोघांनाही हजर राहावे लागते. पुतण्या त्या दिवशी शाळेत असतो, त्यामुळे “त्यांना सांगा, सही इथे करायची आहे” हे वाक्य कारकुनाच्या वाट्याला येते. त्याने दहा रुपये मागितल्याचे मात्र ऐकिवात नाही.