डीव्हीडी रायटर यांस अनावृत पत्र

माननीय श्री. बाह्य डीव्हीडी रायटर,
मु. पो. लॅपटॉपच्या डाव्या अंगाला.

सा. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, मध्यंतरी एका दुपारी आपण मला बाराव्यांदा 'डिस्क यशस्वीरीत्या लिहिली' असा निरोप दिलात आणि चारच दिवसांत साताऱ्याहून मावशीचा फोन आला, "अरे, नुसतं निळं निळं दिसतंय."

आपल्याला घराबाहेर कोणी काढलं, हे मला ठाऊक आहे. आपले थोरले बंधू आमच्या जुन्या कॉम्प्युटरच्या पोटात राहायचे. सव्वापाच इंची देह, एसएमपीएसमधून स्वतंत्र वीज, वेग २४ एक्स. बटण दाबलं की ट्रे असा बाहेर यायचा, जणू जावयासाठी पाट मांडला. २००८ साली अ‍ॅपलने मॅकबुक एअर काढला, त्यात आपल्या घराण्याला जागाच ठेवली नाही आणि वेगळं बिऱ्हाड थाटून दिलं. पुढे बाकीच्यांनीही तोच कित्ता गिरवला.

बिऱ्हाड वेगळं झालं, पण शिधा लॅपटॉपच्याच घरचा. यूएसबी २.० मधून नियमाने मिळते ५ व्होल्टला ५०० मिलीअँपियर, म्हणजे अडीच वॅट वीज. चकतीला पहिली गिरकी द्यायची म्हटली की आपली भूक त्याच्या पुढे जाते. मग आपण तीनदा 'टिक टिक' करता, दिवा मिचकावता आणि स्क्रीनवरून अंतर्धान पावता. लॅपटॉप 'टिडिंग' करून कळवतो की पाहुणे गेले. लगेच पुन्हा 'टिडिंग', पाहुणे आले. दोन शेपट्यांची केबल आणली, एक शेपटी लॅपटॉपला आणि दुसरी मोबाइलच्या चार्जरला लावली, तेव्हा कुठे आपलं चित्त स्थिर झालं. खोक्यावर मात्र छापलं होतं, 'वेगळ्या विजेची गरज नाही'.

वेगाबद्दल माझी तक्रार नाही. डीव्हीडीचा एक एक्स म्हणजे सेकंदाला सुमारे १.३८ एमबी, आपण ८ एक्सचे, म्हणजे ११ एमबी. या हिशेबाने ४.७ जीबीची चकती सात-आठ मिनिटांत भरायला हवी. पण आपण आतल्या कडेला रमतगमत सुरुवात करता, बाहेरच्या कडेला जाता जाता वेग घेता, आणि सगळं लिहून झाल्यावर शेवटचं शिक्कामोर्तब करताना ९९ टक्क्यांवर जे बसता, ते तलाठी कार्यालयाची आठवण करून देणारं असतं. असो. तेवढ्यात चहा होतो.

तक्रार आहे ती 'यशस्वी' या शब्दाबद्दल.

मावशीच्या पंचाहत्तरीचं चित्रीकरण सगळ्या नातेवाइकांना द्यायचं ठरलं. मावशीला मोबाइलवर बघायला आवडत नाही, टीव्हीखालचा प्लेअरच लागतो. म्हणून प्लेअरवर चालतील अशा बारा चकत्या केल्या. आपल्याकडे बाराही खणखणीत चालल्या. साताऱ्यात निळं दिसलं. नागपूरला काकांच्या प्लेअरने चकती आत घेतली आणि तशीच बाहेर काढून दाखवली. डोंबिवलीला ऐन औक्षणात चित्राचे चौकोन चौकोन झाले. आत्याचा हात आणि निरांजन वेगवेगळ्या कोपऱ्यांत गेले. उलट काकांनी पाठवलेली, त्यांच्याकडे नीट चालणारी चकती आपण तोंडात धरायलाही तयार नव्हतात. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हा बाणा यंत्रातही असतो हे मला माहीत नव्हतं.

यामागचं इंगित नंतर समजलं. आपण चकतीवर काही कोरत नाही. दोन पातळ प्लॅस्टिकच्या तबकड्यांमध्ये रंगद्रव्याचा एक थर असतो. आपला ६५० नॅनोमीटरचा तांबडा लेसर त्यावर चटके देतो, आणि चटका बसलेल्या जागेवरून प्रकाश कमी परततो. वाचणाऱ्याने त्या उजेड-अंधारातून अक्षर लावायचं. चुका होणारच, म्हणून दुरुस्तीचा मजकूर सोबतच लिहिलेला असतो. काठावर पास झालेली चकतीही त्या जोरावर आपल्याकडे पहिल्या वर्गातली दिसते. जुन्या, धूळ बसलेल्या भिंगाच्या प्लेअरसमोर गेली की गडगडते. आणि 'पडताळणी' म्हणून आपण जे करता, ते कोणाकडून? आपल्याकडूनच! स्वतः पेपर लिहायचा, स्वतः तपासायचा आणि पेढेही स्वतःच वाटायचे.

माझाही दोष आहे, नाही असं नाही. पन्नास कोऱ्या चकत्यांचा डबा स्वस्तात मिळाला म्हणून घेतला. नोएडाकडच्या मोझर बेअरच्या चकत्या एकेकाळी कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडेही मिळत. २०१८ मध्ये ती कंपनीच अवसायनात निघाली. माझा डबा कोणत्या गावचा, हे डब्यालाही ठाऊक नव्हतं. तो मी पश्चिमेच्या खिडकीत ठेवला. वर हौसेने प्रत्येक चकतीवर मावशीच्या फोटोचं स्टिकर चिकटवलं, तेही जरा तिरकं. असं एका बाजूला जड झालेलं चाक गरागरा फिरवायचं, म्हणजे प्लेअरचेही हालच. नंतरच्या चार चकत्या बऱ्या कंपनीच्या घेतल्या, ४ एक्सवर लिहिल्या, नाव पेनने मधल्या पारदर्शक भागावर घातलं. चारही चालल्या, साताऱ्यातसुद्धा.

अमेरिकेतल्या भाचीने पाठवलेल्या सिनेमाबद्दल एक शब्द. ती चकती विभाग १ ची, आपला भारत विभाग ५ मध्ये. आपण बजावलंत की विभाग बदलता येईल, पण फक्त पाच वेळा. त्यानंतर जो असेल तो कायमचा. अहो, शिशुपालालासुद्धा शंभर अपराध माफ होते!

तरी आपल्याला माळ्यावर टाकवत नाही. गुडघ्याच्या एमआरआयची चकती घेऊन मी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो, तर त्यांच्या लॅपटॉपला आपल्यासारखं कोणी नव्हतं. त्यांनी चकती उजेडात धरून बघितली, जणू एक्स-रेच. मी पिशवीतून आपल्याला काढलं, दोन्ही शेपट्या जोडल्या, चकती मधल्या खुंटीवर 'टक' होईपर्यंत दाबली. पहिल्या प्रयत्नात आपण उघडलीत. डॉक्टर गुडघ्याआधी आपल्याकडेच कौतुकाने बघत होते.

बिघडलेल्या चकत्या बाल्कनीत दोऱ्याने टांगल्या आहेत, कबुतरांसाठी. पहिले दोन दिवस कबुतरं बिचकली. आता एक जोडपं मावशीच्या फोटोखालीच बसतं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक त्रस्त पण चिकट गिऱ्हाईक

ता. क. मावशीच्या नातवाच्या मुंजीचं चित्रीकरण फोटोग्राफरने लिंकवर पाठवलंय. चकतीचं नाव काढताच तो हसला. लिंकखाली बारीक अक्षरांत लिहिलंय, ३० दिवसांनी फाइल काढून टाकली जाईल. आज सत्ताविसावा. उद्या सकाळी तयार राहा. ४ एक्स, दोन्ही शेपट्या लावून. आणि लिहून झाल्यावर 'यशस्वी' म्हणू नका. आधी साताऱ्याहून फोन येऊ दे.