घरजावई आणि पाहुणा

लॅमिंग्टन रोडवर डेस्कटॉप घ्यायला गेलं की दुकानदार विचारतो, "साहेब, ड्राइव्ह आत बसवू की बाहेरचा देऊ?" आतला म्हणजे घरजावई. एकदा स्क्रूने आवळला की दिसत नाही, बोलत नाही, राबतो मात्र. एनव्हीएमई जातीचा असेल तर सेकंदाला 3,000 एमबीच्याही पुढे पळू शकतो. बाहेरचा म्हणजे पाहुणा. त्याची केबल सांभाळा, धक्का लागला की रुसवा काढा. आमच्याकडे त्याला यूएसबी 2.0 च्या खिडकीतून आत घेतात. लग्नाचा व्हिडिओ कॉपी होईस्तोवर त्या जोडप्याच्या बाळाचं बारसं उरकतं.

बरं, 1 टीबीचा कुठलाही घ्या, विंडोज 931 जीबीच दाखवणार. कंपनी हजाराने मोजते, विंडोज 1,024 ने, गिऱ्हाईक नशिबाने.

आमच्या काकांनी दोन्ही घेतले. सगळे फोटो बाहेरच्यावर ठेवले आणि 'बॅकअप आहे ना' म्हणत आतले पुसून टाकले. आता ती एकुलती एक प्रत टीव्हीमागे, कापराच्या डबीशेजारी असते.

तुम्ही खुशाल दोन्ही घ्या. फक्त फोटोही दोन्हीकडे ठेवा, आणि केबल खुपसण्याआधी पोर्ट आतून निळा, म्हणजे बहुधा वेगवान यूएसबीचा, आहे का, तेवढं बघा.