उभ्या पट्ट्यांवरचा मोर

ज्या सोलापुरात १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली आणि जिथे जेकार्ड मागावर, भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या हुकुमानुसार एकेक धागा उचलला जाऊन चादरीच्या पोतातच मोर अवतरतो, त्याच सोलापुरातील नवी पेठेत हल्ली खिडकीसाठी छापील मोर मिळतो, आणि तोही पॉलिएस्टरच्या सुमारे चार इंची उभ्या पट्ट्यांवर. नमुना दाखवताना पट्ट्या कटाक्षाने मिटलेल्या असतात. त्यामुळे पक्षी सांगोपांग दिसतो व गिऱ्हाईक बयाणा देऊन मोकळे होते. पुढे दिवाणखान्यात उजेडासाठी दोरी ओढताच प्रत्येक पट्टी काटकोनात वळते, आणि चोच, मान व पिसारा यांची सातबाऱ्यावरील जमिनीप्रमाणे रीतसर वाटणी होऊन ज्याचा त्याचा हिस्सा निराळा पडतो. वैशाखात पारा ४२ अंशांपलीकडे गेला की पट्ट्या मिटाव्याच लागतात, तेव्हा मोर पुन्हा एकसंध होतो. मात्र तो पाहण्यासाठी दिवा लावावा लागतो. (वाळ्याच्या ताट्यांवर कसलेच चित्र नसे, त्यांच्याकडून केवळ गारव्याची अपेक्षा असे.) नक्षीची निवड हा गृहस्वामींचा मान, पट्टीनिहाय धूळ पुसणे हे खाते, अर्थातच, गृहस्वामिनीच्या अखत्यारीत येते.