हजेरीची कावीळ

मराठवाड्यातून हैदराबादेत शिकायला येणारा विद्यार्थी बरकतपुऱ्यात खोली घेतो, तेव्हा त्या निवडीमागे महाविद्यालयाचे अंतर असावे असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक महाविद्यालय शहराच्या दुसऱ्या टोकाला असले तरी चालते, काचीगुडा स्थानक मात्र पिशवी उचलून पायी गाठता येईल इतके जवळ असावे लागते. 1916 साली निजामाच्या रेल्वेसाठी बांधलेल्या या घुमट-मिनारांच्या स्थानकातून नांदेड-परभणीकडे गाड्या सुटतात, आणि म्हणूनच ‘पोरगं आता स्वतःच्या पायावर उभं राहील’ असे नातेवाइकांना सांगणारे कुटुंब, ते पाय स्थानकापासून फार दूर जाणार नाहीत, याची दक्षता खोलीचे डिपॉझिट भरतानाच घेते.

या येण्याजाण्याला परंपरा आहे. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता तोवर 1918 साली स्थापन झालेले आणि उर्दूतून शिकवणारे उस्मानिया हेच हक्काचे विद्यापीठ होते. 1958 साली औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ निघाले आणि हैदराबादेला जाण्याची सक्ती संपली, सवय मात्र उरली. 1938 साली उस्मानियाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल अनेक विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले आणि त्यांतल्या कित्येकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. त्या पिढीवर गीतापायी खोली सोडण्याची पाळी आली. आजच्या पिढीवर ती मुख्यतः गीझर चालू ठेवून सिनेमाला गेल्याबद्दल येते, आणि या दुसऱ्या संघर्षाची दखल इतिहासकारांनी अद्याप घेतलेली नाही.

‘थ्री शेअरिंग’, म्हणजे दोघांसाठी बांधलेली आणि तिघांना भाड्याने दिलेली खोली, हा येथील विद्यार्थिजीवनाचा मूळ घटक होय. एक नांदेडचा, एक खम्ममचा आणि एक करीमनगरचा असे तिघे तीत राहतात, दखनी हिंदीत भांडतात आणि आपापल्या भाषेत पुटपुटतात. भात विजेच्या कुकरात खोलीतच शिजतो आणि कालवण ‘करी पॉइंट’वरून येते, करी पॉइंट म्हणजे शिजवलेल्या भाज्या, पप्पू अर्थात वरण, आणि सांबार प्लॅस्टिकच्या लहान पिशव्यांत गच्च बांधून विकणारे दुकान. ही गाठ आजवर कोणालाही बोटांनी सुटलेली नाही. ती दातांनी सोडवताना अर्धे सांबार गादीवर सांडले, तर त्या अर्ध्याचा खर्च सोडवणाऱ्याच्या नावे मांडायचा की तिघांत वाटायचा, हा प्रश्न हिशेबाची वही जाऊन मोबाइलमधले ॲप आले तरी तसाच प्रलंबित आहे. पाण्याचे तर विचारूच नये. या शहरात नळाच्या पिण्याच्या पाण्याला सर्रास ‘मंजिरा’ म्हणतात आणि ही मंजिरा म्हणजे बीड जिल्ह्यात उगम पावणारी मांजराच. ती नदी कोणाच्या आग्रहावाचून एवढा मुलूख ओलांडून येते, परंतु तिला खालच्या नळापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत नेण्याचे काम उरलेल्या दोघांचे आहे, याबद्दल तिघांचेही एकमत असते.

याच वस्तीत भविष्य निधी भवन आहे, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या पगारातून दरमहा कापलेली रक्कम त्यांच्या म्हातारपणासाठी सांभाळणाऱ्या संघटनेचे कार्यालय. मुलांच्या शिक्षणासाठी या निधीतून उचल घेण्याची सोय असल्याने अनेक वडिलांचे म्हातारपण सध्या बरकतपुऱ्यातच, इडली, रिचार्ज आणि बिर्याणी अशा तीन शीर्षांखाली खर्ची पडते. इमारतीसमोरून सकाळी टिफिन सेंटरकडे, अर्थात नाश्त्याच्या दुकानाकडे, निघालेल्या विद्यार्थ्याला हा संबंध जाणवत नाही आणि जाणवू नये, कारण पोट रिकामे असते.

कुटुंबाची राजवट रात्री नऊच्या व्हिडिओ कॉलवर चालते. त्यापूर्वीची पाच मिनिटे खोलीत कमालीची शिस्त नांदते: फोन लोणच्याच्या बरणीला असा टेकवला जातो की त्यात फक्त वेळापत्रक चिकटवलेली भिंत आणि टेबलावरचे एकमेव उघडे पुस्तक दिसावे, ओले टॉवेल खाटेखाली जातात, आणि खम्ममकर, ज्याला मराठीतले ‘जेवलो’ आणि ‘अभ्यास’ एवढे दोनच शब्द येतात, तो साक्षीदार म्हणून कडेला बसवला जातो. मातोश्री तब्येत विचारतात, पिताश्री मागून ‘पैसे आहेत का’ असे विचारून उत्तराआधीच उठतात. त्या आठवड्यात गावाकडचे कोणी हैदराबादेला येणार असेल, तर त्याच्या हाती धपाटे, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी रवाना होते. हा माल काचीगुड्यावर उतरतो तेव्हा मुलाच्या मालकीचा असतो, खोलीत पोहोचताच सार्वजनिक होतो आणि सकाळपर्यंत टिकल्याचे उदाहरण नाही. ‘पुरले का रे’ या प्रश्नाला ‘आठवडाभर पुरले’ असे उत्तर देण्याचा प्रघात आहे, आणि दोन्ही बाजू त्याने संतुष्ट असतात.

या सुरळीत व्यवस्थेला तडा जातो तो हजेरीमुळे. येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांत 75 टक्के हजेरी आवश्यक असते. ती 65 ते 75 यांच्या दरम्यान घसरली, तर वैद्यकीय कारण दाखवून आणि शुल्क भरून माफी मिळते, जिला ‘कंडोनेशन’ म्हणतात, आणि 65 च्या खाली मात्र विद्यार्थी ‘डिटेन’ होतो, म्हणजे तेच सत्र पुन्हा करतो. सत्र संपायला पंधरा दिवस असताना पालकांच्या मोबाइलवर ‘67 टक्के’ असा संदेश येतो. विद्यार्थ्याने हे संकट आधीच ओळखून कावीळ निवडलेली असते, कारण ताप दोन दिवसांत उतरतो आणि हाड मोडल्यास प्लास्टर दाखवावे लागते, कावीळ मात्र महिनाभर पुरते. ‘तुम्हाला उगाच काळजी नको म्हणून सांगितलं नाही,’ असे तो फोनवर खोल आवाजात म्हणतो आणि खम्ममकर शेजारून ‘जेवलो’ म्हणतो.

हा युक्तिवाद सर्वार्थाने निर्दोष असला तरी त्यात मातोश्री गृहीत धरलेल्या नसतात. दुसऱ्याच दिवशी त्या ज्वारीच्या कण्या, ताकाची बरणी आणि गावातल्या कावीळ उतरवणाऱ्याने दिलेली माळ घेऊन काचीगुड्याला उतरतात, पायी पाच-सात मिनिटांत खोलीवर पोहोचतात, आणि जवळच्या स्थानकाचा हा दुसरा उपयोग विद्यार्थ्याच्या तेव्हा प्रथम ध्यानात येतो. कुकरचा ताबा घेतला जातो, तेल बंद होते, करी पॉइंटचे नाव काढायची सोय उरत नाही. कावीळ सोबत्यांनाही लागली असेल या शंकेने तिघांनाही सकाळ-संध्याकाळ कण्या आणि ताक मिळते, आणि खरे बोलायची उबळ आलेल्या करीमनगरकराला खम्ममकर डोळ्यांनी दाबतो. डोळ्यांचा पिवळेपणा रोज खिडकीपाशी नेऊन तपासला जातो. तो दिसत नाही, याचे श्रेय माळेला जाते.

या काळात दोघे सोबती निमूटपणे, किंबहुना उत्साहाने, तास बुडवेनासे होतात, कारण महाविद्यालयाच्या उपाहारगृहात तळलेले मिळते. विद्यार्थी स्वतः मात्र वर्गात जाऊ शकत नाही. पुस्तके पिशवीत भरून तो दाराशी गेलाच, तर ‘अशक्तपणात कुठं चाललास, तब्येतीपुढं हजेरी काय करायचीय’ असे म्हणून त्याला परत झोपवले जाते. या मुक्कामात त्याची हजेरी 67 वरून 64 वर येते, आणि मातोश्री प्राचार्यांना स्वतः भेटून प्रकृतीची हकिकत सांगण्यासाठी पदराला डोळे पुसत बसची चौकशी करू लागतात.